मूठभर जुनं तूस

पनवेलच्या एसटी स्टँडवर एकदा कॉलेजातली एक मैत्रीण भेटली. मला नोकरीला लागून तेव्हा वर्षही झालं नव्हतं. "सध्या काय करतेस?" तिने विचारलं. "कोंबडीच्या मेलेल्या पिल्लांची पोटं उघडते," मी म्हटलं. ती मोठ्याने हसली. मग तिने माझ्या हातांकडे पाहिलं आणि बाकावर थोडी पलीकडे सरकली. तिची गाडी लागली. पत्ता विचारायचा राहिला, असं तिने खिडकीतून हाताने सांगितलं. गाडी सुटायला अजून बराच वेळ होता.

मी थट्टा केली नव्हती. कोन गावाच्या बाजूला एक हॅचरी होती, म्हणजे यंत्रात अंडी उबवून पिल्लं काढण्याचा कारखाना. तिथल्या प्रयोगशाळेत मी नव्वदीच्या सुरुवातीची काही वर्षं काम केलं. प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, एक मोरी, एक सूक्ष्मदर्शक, कात्र्यांचा ट्रे आणि कुरकुरणारा फ्रिज. हॅचरी आसपासच्या गावांतल्या लोकांना एक दिवसाची पिल्लं आणि खाद्य देई. लोकांनी ती आपल्या शेडमध्ये वाढवून परत करायची. मध्येच पिल्लं मरायला लागली की ती माझ्या टेबलावर येत. मी पोट उघडायचं, आत बघायचं आणि छापील फॉर्मवर 'कारण' या रकान्यात चार शब्द लिहायचे.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक गृहस्थ मेलेली पिल्लं जेवणाच्या डब्यातून आणत आणि जाताना दर वेळी बजावत, "बाई, डबा घासून द्या, दुपारी त्यातच जेवायचंय." नवीन पनवेलच्या एका सेक्टरमधून एक बँकेतले साहेब आले. मुलीसाठी बाजारातून घेतलेलं एकच पिल्लू त्यांनी इस्त्रीच्या रुमालात गुंडाळून आणलं होतं. त्यांना कारण नको होतं. "त्याला त्रास झाला असेल का हो?" एवढंच त्यांनी विचारलं. फॉर्मवर त्यासाठी रकाना नव्हता. "नाही," मी म्हटलं. ते खोटं होतं, आणि त्या टेबलावर मी सांगितलेलं सगळ्यांत निरुपद्रवी खोटं तेच.

आता जरा धंद्याचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

कोंबडीखाली जन्मलेलं पिल्लू कवच फोडून बाहेर येतं ते घाणीतच. आईची विष्ठा, आईची पिसं, घरट्यातला कचरा. ते पहिली चोच त्यातच मारतं. त्या एका चोचीबरोबर आईच्या पोटातले असंख्य जिवाणू त्याच्या पोटात उतरतात. कोंबडीच्या लहान आतड्याचा शेवट होतो तिथे दोन आंधळ्या पिशव्या असतात, म्हणजे एका टोकाला बंद असलेल्या. हे जिवाणू तिथे वस्तीला जातात. एसटीत लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसंच. आईकडचे जिवाणू आधी बसले की मागून येणाऱ्या रोगाच्या जिवाणूंना उभं राहायलाही जागा मिळत नाही. आणि नुसती जागा अडते असं नाही. आतड्याचं अस्तरही त्यांच्या सोबतीने नीट वाढतं, पचवायला शिकतं.

यंत्रातल्या पिल्लाला आई नसते. अंडी धुरी देऊन निर्जंतुक केलेली, ट्रे धुतलेले, खोकी नवी. पिल्लू जन्मतं ते जवळजवळ रिकामं आतडं घेऊन. सगळ्या जागा मोकळ्या. मग जो पहिला येईल तो मालक. तो पाण्याच्या भांड्यातून येवो नाहीतर उंदराच्या लेंडीतून.

पण हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला स्वच्छता माहीत होती.

पिल्लांची खोकी गावोगाव पोचवणारे उस्मानभाई होते. गाडी भरून निघताना आतून शेकडो पिल्लांची किवकिव चाललेली असायची. ते दार लावता लावता म्हणायचे, "ऐका मॅडम, सगळे यतीम. पैदा होताच खोक्यात. मां कोण, बाप कोण, काही पत्ता नाही."

"मग तुम्हीच बाप व्हा," मी म्हणायची.

"माझे घरचे पाच आहेत, तेवढे बस." आणि गाडी निघून जायची. गाडी गेल्यावर आवारात जी शांतता उतरायची ती मला आवडत नसे. मी आत जाऊन नळ सोडून ठेवायची.

माझी खोली नवीन पनवेलमध्ये होती. घरमालकीणबाईंनी पहिल्याच आठवड्यात माझी बादली वेगळी केली. अंगाला औषधाचा वास येतो म्हणाल्या, आणि तो येतच होता. वडील मी शिकत असतानाच गेले. त्यांच्यामागे माझ्याकडे एक लोखंडी ट्रंक आली, पत्रकांनी भरलेली. हुंड्याविरुद्ध, बुवाबाजीविरुद्ध, पाणी उकळून पिण्याबद्दल, संपाबद्दल. ते छापखान्यात खिळे जुळवत आणि रविवारी गल्लोगल्ली पत्रकं वाटत. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरच. एकदा सभेची तारीख चुकीची छापली गेली, तेव्हा त्यांनी दुरुस्तीचं पत्रक स्वतःच्या खर्चाने छापलं आणि प्रत्येक घरात पुन्हा नेऊन दिलं. मी तेव्हा सात-आठ वर्षांची. "तोंडाने सांगितलं तर नाही चालणार?" मी विचारलं. "चूक छापील असेल तर दुरुस्तीही छापील हवी," ते म्हणाले, "आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरांत."

असल्या घरात वाढलेली मुलगी गप्प कशी बसणार? नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी स्वतःचं पत्रक काढलं. गुलाबी कागद, 'पिल्लांचा पहिला आठवडा', सूचना दहा. डॉक्टर, म्हणजे हॅचरीचे पशुवैद्य आणि माझे वरिष्ठ, वाचून म्हणाले, "भाषा जरा आंदोलनाची झालीय. पण छापा." चौथी सूचना पिल्लांखाली अंथरायच्या भाताच्या तुसाबद्दल होती: 'जुने तूस व जुन्या कोंबड्यांची विष्ठा यांचा एक कणही शेडमध्ये राहू देऊ नका. अज्ञान जाळा, तूस जाळा!' ते उद्गारचिन्ह टाकताना मला वडिलांची फार आठवण झाली होती.

करंजाडे गावात हिरामावशींची शेड होती. त्या एकट्या राहत. नवरा नव्हता, मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. भातशेती नव्या शहरासाठी गेली होती. घरामागचा तुकडा तेवढा राहिला होता आणि त्यावर ही शेड. सगळ्या गावांत मिळून सर्वांत कमी मरतूक त्यांच्याकडे. डॉक्टर म्हणत, बाईचा हात चांगला आहे. मला 'हात चांगला' हे कारण पटत नसे. पत्रकं घेऊन मी मुद्दाम तिथे गेले.

उस्मानभाई खोकी उतरवत होते. मावशींनी दिव्याखाली नवं तूस पसरलं होतं, स्वच्छ, पिवळंधमक. मग त्या घरामागे गेल्या आणि ओंजळभर काळपट, ओलसर तूस घेऊन आल्या. त्यांच्या दोन म्हाताऱ्या गावठी कोंबड्या होत्या, त्यांच्या खुराड्यातलं. ते त्यांनी पिल्लांमध्ये बी पेरावं तसं भिरकावलं.

"मावशी! हे काय करताय?"

"न्हेमी करतंय. ह्ये टाकल्याबिगर पिल्लांना कलत नाय, आपन कुनाची ती."

"अहो, घाण आहे ती!"

"आयची घान ही काय घान हाय, बाय? तू काय आयच्या पोटातून साबन लावून आलीस?"

उस्मानभाई फस्सकन हसले. मला राग आला. मी तिथेच उभी राहून पत्रक मोठ्याने वाचलं, चौथी सूचना दोनदा. जंतू म्हणजे काय, अंधश्रद्धा म्हणजे काय, अडाणीपणामुळे आपला समाज कसा मागे राहिला, सगळं. मावशी ऐकत होत्या. मी थांबल्यावर त्यांनी पत्रक हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिलं. त्यांना वाचता येत नव्हतं.

"छापलंय?"

"हो."

"छापलंय तं खरं असंल."

पुढच्या बॅचच्या आधी त्यांनी खुराडं मोडलं, जुनं तूस जाळलं आणि दोन्ही कोंबड्या पाटीत घालून उरणला बहिणीकडे नेऊन सोडल्या. बहीण तिकडे मासे विकायची. हे मला उस्मानभाईंनी सांगितलं. "बुढिया परतीच्या गाडीत रिकामी पाटी मांडीवर घेऊन बसली होती," ते म्हणाले. मला आनंद झाला. पत्रक वाचून माणूस बदलला! त्या संध्याकाळी मी खोलीत ट्रंक उघडून उगीचच सगळी पत्रकं पुन्हा रचून ठेवली.

ती बॅच पाचव्या दिवशी माझ्या टेबलावर आली. पिल्लांच्या मागच्या बाजूला पांढरा चिकटा वाळलेला. पोट उघडलं तर दोन्ही आंधळ्या पिशव्यांत पनीरासारखे घट्ट पांढरे खडे. मी करंजाड्याला गेले. उरलेली पिल्लं दिव्याखाली एकमेकांना चिकटून, डोळे मिटून बसली होती आणि एका सुरात ओरडत होती.

"मावशी, तुम्ही परत ते तूस टाकलंत ना?"

"नाय टाकलं."

"खरं सांगा."

"तू नको सांगलंस ना? मंग कसं टाकीन?"

माझा विश्वास बसला नाही. शेड मात्र आरशासारखी स्वच्छ होती. त्याचा अर्थ मी असा लावला, की मी येणार म्हणून झाडली. परत येऊन मी 'कारण' या रकान्यात लिहिलं: 'कुक्कुटपालकाचा निष्काळजीपणा, अस्वच्छता.' खाली माझी सही. हॅचरीचा नियम होता: लागोपाठ दोन बॅचना असा शेरा आला की त्या शेडला पिल्लं बंद. हे मला ठाऊक होतं. मावशींनाही ठाऊक होतं.

डॉक्टरांच्या कपाटात परदेशी मासिकांचे जुने अंक धूळ खात पडलेले असत. जेवणाच्या सुट्टीत माझ्याबरोबर कोणी जेवत नसे, म्हणून मी ते वाचायची. महिनाभराने एका अंकात वाचलं, की इतर देशांत काही लोक निरोगी मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यातले जिवाणू मुद्दाम एक दिवसाच्या पिल्लांना देतात; पिल्लं मग रोगाला जुमानत नाहीत. मी तो मजकूर तीन वेळा वाचला. डब्यातली भाजी तशीच राहिली. ओंजळ, काळपट तूस, पेरल्यासारखा हात. सगळं डोळ्यांसमोर आलं. जे मासिकात चार पानांत होतं ते मला एका वाक्यात सांगितलं गेलं होतं, आणि मी त्यावर भाषण ठोकलं होतं.

रविवारी उरणला गेले. मावशींच्या बहिणीने कोंबड्या दाखवल्या आणि विष्ठा कागदात बांधून देताना मला आपादमस्तक न्याहाळलं. "शिकलेली हायेस ना ग तू?" परतीच्या एसटीत शेजारच्या आजींनी पुडीकडे पाहून विचारलं, "कुठल्या देवाचा प्रसाद?" मी म्हटलं, "अजून ठरायचंय."

आधी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घेतलं, त्यात रोगाचं काही नाही ना. मग दोन खोकी मांडली. दोन्हींत एकाच दिवशीची पिल्लं, एकच पाणी, एकच खाद्य. एका खोक्यात चमचाभर उरणची पुडी, दुसऱ्यात काही नाही. दोन्ही पाण्यांत मी आजारी पिल्लांकडचे जंतू मिसळले. ते काम मी खिडकी लावून केलं, चोरासारखं.

इथे मला माझी खरी चूक सांगायची आहे. पत्रकाची चूक अज्ञानाची होती. ही तशी नव्हती. त्याच दिवसांत मावशींची दुसरी बॅच उतरायची होती. मी सायकलवरून करंजाड्याला जाऊन एवढंच म्हणू शकले असते, "मावशी, थांबा. कोंबड्या परत आणा." पण मला पुरावा हवा होता. एकदा छापून चुकले होते, आता खात्री झाल्याशिवाय तोंड उघडणार नव्हते. हे मी स्वतःला तत्त्व म्हणून सांगितलं. आज वाटतं, त्या शेडच्या दारात उभं राहून 'चुकले' म्हणायचा धीर नव्हता, बाकी काही नाही.

आठवड्याने मी दोन्ही खोक्यांतली काही पिल्लं मारून उघडली. निरोगी पिल्लू मारताना ते हातात गरम असतं, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसतं. पहिल्या खोक्यातल्यांच्या पिशव्या तपकिरी, दाट, भरलेल्या. दुसऱ्यातल्यांच्या फिकट, फुगलेल्या, काहींत पांढरे खडे. सगळं इतकं नीटनेटकं नव्हतं. पहिल्यातही एक आजारी निघालं आणि दुसऱ्यातही दोन ठणठणीत होती. पण फरक डोळ्यांना दिसत होता. मी हात धुवत होते तेवढ्यात उस्मानभाई दारात आले. हातात खोकं.

"करंजाडे," ते म्हणाले.

त्या फॉर्मवर मी 'कारण' या रकान्यात लिहिलं: 'प्रयोगशाळेने दिलेला चुकीचा सल्ला.' सही केली आणि डॉक्टरांपुढे ठेवला. मासिक दाखवलं, खोक्यांचं सांगितलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बाई, तुमचं बरोबर असेलही. पण उद्या गावोगाव लोक कुठल्याही कोंबडीची घाण शेडमध्ये टाकायला लागले आणि एका कोंबडीत रोग निघाला तर? तो कोण निस्तरणार?"

"कोंबड्या तपासू. माझ्याकडे सूक्ष्मदर्शक आहे."

"आणि पहिल्या दिवसापासून पाण्यात घालायचं औषध आपणच पिल्लांबरोबर पाठवतो. ते चांगले जिवाणूही मारतं, हे आपणच लिहायचं?"

"खरं असेल तर लिहायचं."

त्यांनी चष्मा काढला. "पत्रक वेगळं, रिपोर्ट वेगळा," ते म्हणाले आणि माझा फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवला. नवा त्यांनी स्वतः भरला. शेरा जुनाच. करंजाड्याची पिल्लं बंद झाली.

मी छापखाना गाठला. पुन्हा गुलाबी कागद, तीच अक्षरं, तोच आकार. 'चौथी सूचना चुकीची होती.' निरोगी, तपासलेल्या म्हाताऱ्या कोंबडीखालचं मूठभर तूस पहिल्या दिवशी पिल्लांना द्यावं, पाण्यातलं औषध गरज नसताना घालू नये, आणि कोंबडी न तपासता हे कोणीही करू नये, हेही लिहिलं. शेवटची ओळ अशी होती: 'हे मला करंजाड्याच्या हिराबाईंनी आधीच सांगितले होते. त्यांच्याकडे घाण नव्हती. चूक माझी होती.' खाली माझं नाव. सायकलवर गठ्ठा बांधून मी गावं फिरले. बहुतेकांनी कागद घेतला आणि वाचलाच नाही. एकाने म्हटलं, "मागच्या वेळी जाळा म्हणालात, आता टाका म्हणता. एकदा काय ते ठरवा." तिसऱ्या दिवशी हॅचरीने मला घरी बसायला सांगितलं. बरोबर काम केलेल्या एकानेही मान वर केली नाही. आवारात फक्त किवकिव चालू होती.

करंजाडे मी शेवटी ठेवलं होतं. सगळ्यांत जवळचं गाव ते, तरी तिथे जायला महिना गेला.

शेडमध्ये एका ठेकेदाराच्या सिमेंटच्या गोण्या रचलेल्या होत्या. दिव्यांच्या वायरी तशाच लोंबत होत्या. मावशी घराच्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मला पाहून त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पण बस म्हणाल्या नाहीत. मी उभ्या उभ्याच पत्रक वाचलं. या वेळी सावकाश, आवाज न चढवता.

त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. मग म्हणाल्या, "गावात समदी बोलतान, हिरीच्या शेडमंदी घान व्हती म्हनून पिल्लं मेली."

"माहीत आहे."

"तुज्या त्या कागदावर तसं लिवलं व्हतं."

"हो."

"तो कागुद फाड ना मंग."

"तो हॅचरीत आहे, मावशी. मला आता आत सोडत नाहीत."

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "तुलाबी काडली?" मी मान हलवली. "बस," त्या म्हणाल्या.

मी बसले. त्यांनी पत्रक घेतलं. "माजं नाव कंच्या जागेला हाय? बोट ठेव." मी ठेवलं. त्यांनी माझ्या बोटाच्या वरून कागद दुमडला, घडीवरून नख फिरवलं आणि तेवढी एक पट्टी सावकाश फाडली. ती आत नेऊन देवाच्या तसबिरीमागे खोचली. उरलेला कागद हातात घेऊन त्या मागच्या पडवीत गेल्या. मीही मागोमाग गेले.

पडवीत कोपऱ्यात एक पाटी होती. उरणहून परत आणलेली एक म्हातारी कोंबडी तिच्यात अंड्यांवर बसली होती. मावशींनी तिला एका हाताने अलगद उचललं. खाली दोन अंडी तडकली होती आणि एक पिल्लू बाहेर आलेलं होतं, ओलं, थरथरतं. "खालचा पेपर भिजलाय," त्या म्हणाल्या. त्यांनी भिजलेला कागद ओढून काढला, माझं पत्रक पसरलं, वर मूठभर जुनं तूस टाकलं आणि कोंबडीला पुन्हा बसवलं. कोंबडी दोनदा गोल फिरली, चौथ्या सूचनेवर शिटली आणि पंख पसरून बसली.

थोड्या वेळाने पंखाखालून एक डोकं बाहेर आलं. पिल्लाने कागदावरचा तो ओला ठिपका बघितला, मान तिरकी केली आणि पहिली चोच मारली.

"बग," मावशी म्हणाल्या, "कललं त्याला."

मला अजून कोणी चहा विचारला नव्हता, आणि मला जायचंही कुठे नव्हतं. मी पाटीपाशी उकिडवी बसून राहिले.